उंदीर पडला की घर उठतं

माळ्यावरून कसला वास येतोय ते बघायला सासूने तुम्हाला वर पाठवलंय. बांबूच्या शिडीचं चौथं पावंडं ढिलं आहे, ते चुकवायची सवय पायांना आहेच. वर अंधार. गवती छपरातून आत आलेल्या उजेडाच्या चार रेघा, जुन्या पेंढ्याचे भारे, लसणाच्या जुड्या आणि कोपऱ्यात शेणाने सारवलेली बियाण्याच्या भाताची कणगी. कणगीच्या बुडाशी उंदीर मरून पडलाय. मांजराने मारलेला नाही, अंगावर ओरखडाही नाही. वाकून बघता तोवर दुसरा दिसतो. हा जिवंत आहे, पण पळत नाही. भर दिवसा, माणसाच्या पुढ्यात, ताडी प्यायल्यागत झोकांड्या खात तो कणगीला धडकतो.

साल १९०३. दिवाळी होऊन पंधरा दिवस झालेत. गाव तोरण्याच्या पायथ्याचं, कानंदीच्या खोऱ्यातलं. पुढे या मुलखाला वेल्हे तालुका म्हणतील आणि आणखी पुढे राजगड तालुका. पण तुम्ही आलात त्या साली तो भोर संस्थानात आहे, तालुक्याचं नाव प्रचंडगड आणि गादीवर शंकरराव पंतसचिव. तुम्ही या घरची थोरली सून. वय एकोणीस-वीस. दीड वर्षाची पोर खाली ओट्यावर बसून चिंचोक्यांशी खेळतेय.

"आत्याबाई, माळ्यावर उंदीर पडलाय."

जात्याची घरघर थांबते. "मांजरानं खाल्लाय?"

"न्हाई. अख्खा हाय. दुसरा गरगरतोय."

"हात लावलास?"

"न्हाई."

"मग तशीच खाली उतर. पोरीला आधी भाईर न्हे."

या बाईला अक्षरओळख नाही. मुंबईच्या मांडवीत १८९६च्या सप्टेंबरात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखून जाहीर केला, हे तिच्या कानावर आलेलं नाही. पण रोग सात वर्षं इलाख्यात फिरतोय आणि तो माणसाच्या आधी उंदराला धरतो, एवढं तिला पक्कं ठाऊक आहे. कराचीत १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने मेलेल्या उंदरावरच्या पिसवाच रोग पुढे नेतात असं दाखवलं, तेव्हा बड्या बड्या तज्ज्ञांनी ते हसण्यावारी नेलं. १९०५ साली नेमलेल्या प्लेग आयोगाने मुंबईत प्रयोग करून त्यावर शिक्का मारला. म्हणजे आज, या ओट्यावर, साहेबाच्या शास्त्राला जे अजून पुरतं पटलेलं नाही त्यावर तुमची सासू संसार हलवायला निघालीय. तिला पिसवांचं कारण ठाऊक नाही. पण घर सोडलेली माणसं वाचतात आणि चिकटून राहिलेली मरतात, हे तिने आजूबाजूच्या गावांत बघितलंय.

मामंजी पाटलाकडे गेलेत. दुपारपर्यंत गाव उठायचं ठरतं. घरटी एक खोप, ज्याच्या त्याच्या शिवारात. दोन खोपींत हाक पोचेल पण हात पोचणार नाही एवढं अंतर. पुण्याहून आलेल्या गोष्टी सगळ्यांनी ऐकल्यात. १८९७ साली प्लेगच्या अधिकाऱ्याच्या, रँडच्या, वेळी गोरे सोल्जर घराघरात शिरले, देवघरात बुटांनी गेले, माणसं उचलून छावणीत नेली. त्या धास्तीने लोक रोगी लपवायला लागले आणि रोग आणखी पसरला. सरकार घर रिकामं करा म्हणत होतं तेही बरोबरच होतं, नुसती सांगायची रीत भलती होती. तोच हुकूम पाटलाच्या ओट्यावरून सुटला की कुणी कुरकुरत नाही. सुईचं मात्र अजून कुणी नाव काढत नाही. गेल्या साली पंजाबात मलकोवाल गावी हाफकिनची लस टोचलेली एकोणीस माणसं धनुर्वाताने गेली. बातमी इथे येईतो एकोणीसची किती झाली असतील ते सोडा.

आता तयारी. तुम्हाला वाटेल, घर उठवायचं म्हणजे सगळं गाठोड्यात बांधायचं. सासूचा हिशेब वेगळा आहे. काय न्यायचं यापेक्षा काय नाही न्यायचं, यावर तिची नजर.

माळ्यावरचा पेंढा? काडीसुद्धा नाही. रान झोडून झालंय, खळ्यावर नवा पेंढा पडलाय, खोप त्याचीच शाकारायची. भात न्यावा लागणार, खायचं काय नाही तर. पण कणगी जशीच्या तशी उचलायची नाही. भात पाटीपाटीने काढून खळ्यावर पसरायचा, दोन दिवस कडक उन्हात राखायचा, मग नव्या तट्ट्यात भरायचा. वाकळा चुलाणावर राखेच्या पाण्यात उकळायच्या. तुम्ही विचारता, वाकळा कशाला? "ढेकणं मरत्यात," ती म्हणते. ढेकणांबरोबर पिसवाही मरतात. कारण चुकलेलं, काम बरोबर. असं आयुष्यात किती वेळा होतं!

देव्हाऱ्यातले चांदीचे टाक ती स्वतः काढते. हळदीच्या फडक्यात बांधते आणि पुरचुंडी कनवटीला लावते. चुलीतला विस्तव राखेने झाकून मडक्यात घेतलाय, कारण काड्यापेटी विकतची. मीठ, सुकट, तिखट, नाचणीचं पीठ, सुंठ. इरलं नको, पाऊस संपलाय. घोंगड्या मात्र असतील तेवढ्या, मार्गशीर्षातली मावळातली थंडी पेंढ्यातून आत येते. जातं दोघं गडी पहारीला लटकवून नेतात. मेलेले उंदीर मामंजी लांब चिमट्याने पाटीत घेतात आणि गावाबाहेर गोवऱ्यांवर जाळतात. चिमटाही त्याच जाळात टाकतात.

एक गोष्ट शहरी माणसाच्या ध्यानात सहसा येत नाही. मावळातल्या माणसाला बेगमी नवी नाही. जेठ लागला की चार महिन्यांचं मीठमिरची, सरपण, सुकी मासळी घरात येते, कारण एकदा धुवाधार लागली की ओढे तुडुंब आणि वाट बंद. त्यामुळे कोंडून राहायची सवय या घरांना आहेच. प्लेगने उलटं मागितलं: कोंडून राहू नका, भरलेलं घर टाकून बाहेर पडा. आणि नशिबाने त्याने ते योग्य हंगामात मागितलं. प्लेग थंड हवेत जोर धरतो, उन्हाळ्यात विझत जातो. थंडीत भात निघालेला, रान मोकळं, जमीन कोरडी, पेंढा मुबलक. हाच रोग आषाढात उसळला असता तर वेल्ह्याच्या पावसात पेंढ्याच्या खोपीत किती घरं टिकली असती, सांगता येत नाही.

तुम्ही रानात आहात. पोर चांदण्यात झोपायला शिकली. बिबट्याच्या भीतीने रात्रभर आगटी पेटती ठेवायची पाळी लावलीय. गावातलं घर कारवीच्या कुडांचं, दार ओढून घेतलेलं. तिकडे कुणी जायचं नाही.

धाकटा दीर जातो. एकवीस वर्षांचा, तालमीतला. सणाचं धोतर वलणीवर राहिलंय म्हणून संध्याकाळी गेला आणि अंधार पडला म्हणून तिथेच झोपला. घर मोकळं, उंदीर मेलेले. पिसवा मात्र उपाशी. चौथ्या दिवशी त्याला हीव भरतं, डोळे लाल होतात, जांघेत लिंबाएवढी गाठ येते. मामंजी वेगळी खोप घालतात, सासू एकटीच त्याच्याजवळ बसते. तुम्हाला आणि पोरीला ती वीस पावलांच्या आत येऊ देत नाही. पेजेचं मडकं तुम्ही दगडावर ठेवायचं, तुम्ही मागे सरलात की तिने उचलायचं. सहाव्या दिवशी तो जातो. सासूला काही होत नाही.

शिमगा झाल्यावर लोक परततात. छपराचं जुनं गवत उतरवून जाळतात, महिनाभर ऊन थेट जमिनीवर पडू देतात, बिळं चिखलदगडांनी बुजवतात, नव्याने सारवतात, मग शाकारतात. टाक पुन्हा देव्हाऱ्यात बसतात. आदल्याच शिरगणतीत, १९०१ साली, भोर संस्थानाची वस्ती १,३७,२६८ भरली होती. ज्यांची नावं त्यात होती त्यातले किती आता नाहीत, हे त्या खोऱ्यात घरोघर विचारावं लागलं असतं.

आता पंधरा वर्षं पुढे चला. बाई तीच, तुम्हीच. १९१८चा दसरा तोंडावर आलाय. सासू-मामंजी राहिले नाहीत, घरची करती तुम्ही. पाऊस यंदा दगा देऊन गेला, भात निम्मं पळींज. ती चिंचोक्यांची पोर भोरात दिलीय, राजवाड्याच्या मागच्या आळीत, आणि तिला सातवा लागलाय. भोरहून आलेल्या गाडीवानाने सांगितलं की मुंबईहून कसला ताप आलाय, माणसाची मान मोडते आणि तीन दिवसांत निकाल लागतो. लोक त्याला मानमोडी म्हणतात.

तुम्ही क्षणभर थांबत नाही. भाकरी बांधता, पहाटे निघता, नसरापूर, कापूरहोळ करत दुसऱ्या दिवशी नीरेच्या काठी भोरात शिरता. मनात एकच: पोरीला उचलायची आणि खळ्यावर न्यायची. पंधरा वर्षांपूर्वी शिकलेलं अंगात मुरलंय.

आणि इथे तुमचं चुकतं. दोष तुमचा नाही, रोग वेगळा आहे. हा उंदरांत राहत नाही, घरातही राहत नाही. माणसाच्या श्वासातून येतो, खोकल्यातून जातो. मुंबईत जूनमध्ये गोदीच्या बाजूने त्याने डोकं वर काढलं, सप्टेंबरात पुन्हा आला तो मारायलाच. गिरणी-गोदीतली माणसं सणाला गावी निघाली, ती ताप बरोबर घेऊन आली. मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसं गेली, त्यातली बहुतेक त्याच एक-दोन महिन्यांत. रानात नेलंत तरी तो तुमच्याच छातीत बसून रानात येणार.

"आये, कशाला आलीस गं?" पोर उंबऱ्यातच बसलीय, कपाळ तापलेलं. आत जावई आणि विहीणबाई दोघंही घोंगडीखाली. चूल थंड. रिकामा हंडा आडवा पडलाय. गोठ्यात गाय हंबरतेय, दोन दिवस कुणी तिला पाणी दाखवलेलं नाही.

हे दृश्य नीट बघून घ्या, कारण मानमोडीची सगळी मेख त्यात आहे. प्लेगमध्ये घरात एकाला झालं तर चौघं उभी असतात. मानमोडीत घर एकदम आडवं होतं, आणि आधी मोडतात ती करती माणसं, वीस ते चाळीस वयाची. मरणारे सगळे तापाने मरत नाहीत. काहींच्या तोंडात पाण्याचा थेंब टाकायलाही कुणी उभं नसतं. म्हणून या रोगाची तयारी हातपाय चालतात तोवरच करायची. तुम्हाला स्वतःला कणकण जाणवायला अजून एखादा दिवस आहे. तेवढ्यात काय कराल?

नीरेवरून खेपा घालून घरातलं प्रत्येक भांडं भरता. हंडे रांजणापाशी नाही, अंथरुणांपाशी, झोपल्या जागेवरून वाटी बुडेल इतके जवळ. तांदळाची पातळ पेज मोठ्या पातेल्यात शिजवता, मीठ जरा जास्त. सरपण चुलीला लावून ठेवता. गाईचं दावं सोडून तिला नदीकडे हाकलता. बांधलेली मरेल, सुटलेली कुठेतरी खाईल. शेजारच्या वाड्यात अजून एक म्हातारी हिंडतेफिरते, तिला सांगून ठेवता: सकाळी माझी हाक आली नाही तर दार लोटून आत ये, तुझी आली नाही तर मी येते. दाराला कडी लावत नाही.

तिसऱ्या दिवशी तुम्ही आडव्या. पुढचं तुम्हाला तुटक आठवेल. म्हातारीची सावली, ओठांवर गार वाटी, कुणाचंतरी कण्हणं थांबलेलं. उठता तेव्हा जावई भिंतीला टेकून बसलेला असतो, विहीणबाई चुलीपाशी असते. पोर गेलेली असते, पोटातल्यासकट. गरोदर बायकांना तो ताप फार जड गेला. तिला उंबऱ्यातून उठवून रानात नेलं असतं तर, हा विचार तुम्हाला मरेपर्यंत छळेल. खरं तर त्या चालण्याने ती वाटेतच गेली असती. पण हे तुम्हाला सांगणारं १९१८ साली कुणी नाही.

२०२०वर मी तुम्हाला फार वेळ थांबवणार नाही, ते तुम्ही स्वतः जगलात. ९ मार्चला राज्यातले कोरोनाचे पहिले रुग्ण पुण्यातच सापडले आणि महिना संपायच्या आत वेल्ह्या-भोरच्या कितीक गावांच्या तोंडाशी दगड आणि काट्यांची कुपाटी पडली. वाशीच्या मार्केटात माथाडी असलेला सख्खा भाऊ चालत येतो आणि आपणच त्याला वेशीवर अडवतो, हे ज्याने केलं त्यालाच माहीत. काहींना जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवलं, काहींनी आपणहून शेतातली खोप गाठली. १९०३ची युक्ती इथे निम्मी चालली: अख्ख्या घराने रानात जाऊन उपयोग नव्हता, पण बाहेरून आलेल्या एकट्याने चौदा दिवस तिथे काढले तर घर वाचत होतं. बाकी निम्मी तयारी मानमोडीची, माणूस पडला तर बघणार कोण ही. सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' म्हणत आशाताई दारोदार ऑक्सिमीटर घेऊन आल्या, तेव्हा ९४च्या खाली आकडा आला की गाडी कुणाची आणि रात्री चालवणार कोण, हे ज्या घरांनी आधी ठरवलं होतं त्यांची धावपळ वाचली. ज्या वाड्यांना फोनची रेंजच नाही, तिथे टेकाडावर चढून फोन लावणारा पोरगा हीसुद्धा तयारीच होती.

आता शेवटचा मुक्काम. जानेवारी २०२५. तुमचं वय साठ, नातवंडवाल्या आजी. गाव तेच. घर आता सिमेंटचं, पत्र्याचं. माळा गेला, देव्हारा राहिला. मुलगा पुण्याजवळ किरकटवाडीत भाड्याने राहतो. पाबे घाट उतरून खानापूर, खडकवासला करत जाणारा रस्ता त्याच्या दारावरून सिंहगड रोडला लागतो. टीव्हीवर दोन दिवस तीच नावं येतायत: किरकटवाडी, नांदेड, धायरी. गुइलेन-बॅरे, म्हणजे जीबीएस. आधी जुलाब, ते बरे होतात, माणूस विसरतो. आठवडा-दोन आठवड्यांनी पायांत मुंग्या, मग उठताच येत नाही, काहींना व्हेंटिलेटर. पुढे पुणे परिसरात रुग्णांचा आकडा दोनशेवर जाईल. तपासलेल्या काही नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा जंतू निघाला आणि बोट पिण्याच्या पाण्याकडे गेलं.

फोन वाजतो.

"आई, पोरांना पाठवू का तिकडं? शाळेला सुट्टी टाकतो."

तुमच्या तोंडावर "पाठव" आलेलंच असतं. संकट आलं की पोरं गावी, हे रक्तातच आहे. पण हा तिसराच रोग. हा उंदराच्या पाठीवरून येत नाही, श्वासातूनही नाही. हंड्यातून येतो, किंवा कच्च्या राहिलेल्या कोंबडीतून. इथे घर सोडायचं की दार लावायचं हा सवालच नाही. नळाला काय येतंय हा सवाल आहे. आणि गंमत बघा, मुलगा तिकडे जे पाणी पितो ते तुमच्याच तालुक्यातून निघालेलं, पानशेतचं पाणी उतरून खडकवासल्यात जातं. डोंगरातून नितळ गेलेलं वाटेत कुठे नासतं, याचं उत्तर शहराने द्यायचंय.

"तू आधी सांग," तुम्ही विचारता, "पाणी उकळताय का नुसतं तापवताय?"

"तापवतोय."

"बुडबुडे उसळू दे. मग झाकून गार कर, त्यात हात घालून तांब्या बुडवायचा न्हाई, वगराळं ठेव. फिल्टरच्या जारवर इश्वास ठेवू नको. सोसायटीची टाकी कधी धुतली?"

पलीकडे गप्प. टाकी कधी धुतली हे त्याला माहीत नाही, वॉचमनला माहीत असेल.

"कुणाला जुलाब झालते का घरात?"

"धाकट्याला, मागल्या आठवड्यात. आता बरा आहे."

"मग त्याचे पाय बघत रहा. जिना चढताना अडखळला, हातातनं चमचा पडला, मुंग्या म्हणाला, की त्याच घटकेला दवाखाना. उद्या बघू म्हणायचं न्हाई. आणि थांब, मी मागनं फोन करते."

फोन ठेवून तुम्ही ग्रामपंचायतीत जाता. गावच्या विहिरीवरून टाकीत पाणी चढतं, टाकीतून नळाला. त्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकायचं काम जलसुरक्षकाचं. तो ओळखीचाच पोरगा. दारावर पाणी ठीक असल्याचं जिल्हा परिषदेचं हिरवं कार्ड चिकटवलंय, मागल्या तपासणीचं. तुम्ही म्हणता, कार्ड राहू दे, माझ्यासमोर ओटी टेस्ट कर. तो हसतो, पण करतो. काचेच्या नळीत नळाचं पाणी, त्यात ओटीचे थेंब. पाण्यात क्लोरीन असेल तर पिवळं व्हायला हवं. दोघं नळी उजेडाला धरता. पाणी आहे तसंच पांढरं.

"टाकलीय का पावडर?"

"परवाच टाकली की, मावशी."

तुम्ही कोपऱ्यातला डबा उघडता. झाकण अर्धवट, पावडरीचे ओलसर गोळे झालेले, त्या उग्र वासाचं नाव नाही. टीसीएल उघडं राहिलं की त्यातला क्लोरीन उडून जातो, मागे राहतो नुसता चुना. महिनाभर गाव चुना पितंय आणि दारावर हिरवं कार्ड आहे. लगेच कुणी आजारी पडलं नाही म्हणून कुणी डबा उघडून बघितला नाही.

"नवीन डबा?"

"वेल्ह्यातनं आणायला लागंल. उद्या जातो."

"उद्या न्हाई," तुम्ही त्याच्या मोटारसायकलची किल्ली टेबलावरून उचलून त्याच्या हातात ठेवता. "पोरांना आज चारच्या गाडीत बसवायला सांगणारंय मी. त्याच्या आत टाकीत पडली पायजे. आणि आल्यावर नळी परत माझ्यासमोर धरायची."

तो किक मारतो. तुम्ही मुलाला फोन लावायला टेकाडाकडे निघता, रेंज तिथे नीट येते.